माघारीचा पक्ष

"वकील, तिला इचारा, च्या घेणार काय?"

अण्णा असं म्हणाले तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. बाकडं एकच. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये मुजावर वकील, मांडीवर फायलींचा गठ्ठा घेऊन. मुंबईतल्या त्या सरकारी इमारतीत आम्हाला सकाळपासून बसवून ठेवलं होतं.

वकिलांनी माझ्याकडे मान वळवली. "मालनताई, अण्णा विचारतायत, चहा घेणार का?"

"त्यांना सांगा, माझे कान शाबूत आहेत," मी म्हटलं. "आणि चहा नको."

"नको म्हणतायत, अण्णा."

"ऐकलं," अण्णा खिडकीकडं बघत म्हणाले.

"या अल्ला," वकील पुटपुटले, "वकिली करायला आलोय का टपाल वाटायला?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू येत नव्हतं. समोरच्या बंद दाराआड एकेका पक्षाचा निकाल लागत होता. नावाला पक्ष आहेत, निवडणुका लढवत नाहीत, अशांची नावं निवडणूक आयोगाच्या यादीतून झाडून काढायची मोहीम निघाली होती. कॉरिडॉरभर पक्षच पक्ष. एका पक्षाचा अध्यक्ष फेटेवाली दहा-बारा माणसं घेऊन आला होता, तर एका पक्षात अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार मिळून एकच म्हातारा गृहस्थ, मांडीवर जेवणाचा डबा धरून बसलेला. आत जाताना सगळे ताठ जायचे. बाहेर येताना मात्र बघवत नव्हतं.

आमचा माग पक्ष. कागदावर नाव मोठं, श्रमिक माग कामगार पक्ष, पण गावात सगळे माग पक्षच म्हणायचे. आणि चेष्टा करायची असली की म्हणायचे माघारीचा पक्ष.

ती चेष्टाही खोटी नव्हती. आमचं गाव पंचगंगेच्या काठचं, मागांचं. दिवसभर खटॅक-खटॅक चालू, दोन माणसं शेजारी बसून बोलायची तरी ओरडून. माग बापयांनी चालवायचे, सुताच्या कांड्या बायकांनी भरायच्या. गुरुपादअण्णा लाटणे तरुणपणी स्वतः मागावर होते. त्यांनी पक्ष काढला, रीतसर नोंदवला आणि एक अजब रीत पाडली. आमदारकीची निवडणूक आली की पक्षाचा अर्ज भरायचा. अर्ज भरला की मोठ्या उमेदवारांच्या पोटात गोळा यायचा, कारण आमची मागवाल्यांची पेठ एकजुटीनं जिकडं जाईल तिकडं पारडं झुकायचं. मग माघारीच्या दिवशी आख्खी पेठ प्रांत ऑफिसच्या आवारात भाकरी बांधून जाऊन बसायची. उमेदवारानं तिथं यायचं, सगळ्यांच्या देखत बिरदेवाचा भंडारा उचलायचा आणि शब्द द्यायचा, अमुक काम करीन. अण्णाही भंडारा उचलायचे. आमचा उमेदवार राहणार नाही, पेठेचं मत तुला पडंल. मग आत जाऊन अर्ज मागं.

याच रीतीनं पेठेत नळ आला. दवाखाना आला. बायकांसाठी संडास झाले, रात्रपाळीच्या बायकांना सोडायला एसटी सुरू झाली. पक्षाला जन्मात एक मत पडलं नव्हतं, आणि अण्णा छातीवर हात मारून सांगायचे, "एकदा बी हरलेलो न्हाई आम्ही. मत मागत फिरणं ही भीक. आम्ही भीक मागत न्हाई, शब्द मागतो." पक्षात नियमही एकच होता. शब्द मोडला त्यानं घरी बसायचं.

मला वाण्याचं बिल वाचता येत नव्हतं तेव्हा अण्णांनी हाताला धरून मला सही शिकवली. बोलायला शिकवलं. नवरा गेल्यावर मी वर्षभर घराबाहेर तोंड दाखवलं नव्हतं, तेव्हा दारात येऊन म्हणाले, "पोरी, रडून झालं असंल तर मोर्चाला चल." माझ्या बापानं मला जे दिलं नाही ते या माणसानं दिलं. आणि त्यांचं वय झालं तेव्हा एका निवडणुकीला त्यांनी उमेदवारीचा अर्ज माझ्या नावानं भरला. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, माझ्या हातात दिला. पेठेतल्या बायांनी माझी ओटी भरली.

त्या सालात समोर उभा होता रणधीरबापू. त्याच्या कारखान्यात शकू कांड्या भरायची. विशीतली पोर, माझ्या शेजारच्या मशीनवर. मशीन फिरवणाऱ्या पट्ट्याला जाळी नव्हती. तिचा पदर पट्ट्यात गेला आणि पाठोपाठ ती गेली. मी खटका बंद करीपर्यंत सगळं संपलं होतं. बापूनं काय केलं? हजेरीत ती त्या दिवशी नव्हतीच म्हणून सांगितलं. शकूच्या आईला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं.

आणि माघारीच्या दिवशी हाच बापू आवारात आला. भंडारा उचलून म्हणाला, पेठेत पाळणाघर बांधीन, प्रत्येक पट्ट्याला जाळी बसवीन. अण्णांनीही भंडारा उचलला. बायांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवू नयेत? पोरं मशिनीखाली झोपवून काम करत होत्या त्या.

अण्णांनी माघारीचा कागद माझ्यापुढं धरला. "मालन, कर सही."

"नाही करणार."

"काय म्हणालीस?"

"ज्याच्या शेडात शकू गेली त्याच्या शब्दावर मी सही करणार नाही, अण्णा. तो भंडारा उचलू दे न्हाईतर डोंगर उचलू दे."

"मी शब्द दिलाय, मालन."

"तुम्ही दिलाय. मी नाही दिला."

वेळ संपायला आली होती. अण्णांनी हात जोडले, बायांनी हात जोडले. शेवटी एकीनं मला ढकललंसुद्धा. मी हललेच नाही. वेळ संपली, आतून शिपायानं दार ओढून घेतलं. अण्णा आवारात पायरीवर उभे राहिले आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आमची न्हवं."

बापू निवडून आला. पाळणाघराचं विचारायला बाया गेल्या, तर म्हणाला, शब्द तुमच्या पक्षानं मोडला, आता मी मोकळा. दोष कुणाच्या माथी? माझ्या. नळावर मी घागर घेऊन गेले की बाया आपापल्या घागरी पुढं सरकवायच्या. पुढच्या निवडणुकीला अण्णांनी पक्षाचा अर्जच भरला नाही. आणि अण्णा, ज्यांनी मला बोलायला शिकवलं, ते सहा वर्षं माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. समोरून आले की रस्ता ओलांडून पलीकडं. बाकी कुणाचं मला काही वाटलं नाही. अण्णांचं वाटायचं. फार वाटायचं.

मग नोटीस आली. सहा वर्षांत निवडणूक लढवली नाही, सबब नोंदणी का रद्द करू नये. मुजावर वकील नोटीस घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"मालनताई, मुंबईला यायचंय."

"अण्णांनी बोलावलं?"

"नाही. मी बोलावतोय. या सहा वर्षांत पक्षाच्या नावानं मतदानाच्या मशीनवर एकच उमेदवार होता. तो म्हणजे तुम्ही."

"मग काय अडचण? रेकॉर्डला आहे की."

"अडचण अण्णाच आहेत. चौकशीला नायब तहसीलदार आले होते. त्यांना अण्णांनी जबाब दिलाय, ती बाई आमची उमेदवार नव्हती, पक्षानं निवडणूक लढवलेली नाही. आता अध्यक्षच नाही म्हणतोय म्हटल्यावर होय कोण लिहिणार?"

"मग अण्णांना सांगा जबाब बदलायला."

"सांगून जीभ झिजली माझी. ते म्हणतात, तिला आमची म्हटलं तर आम्ही भंडाऱ्यावरचा शब्द मोडला असं होतं. पक्ष गेला तरी चालंल, शब्द जायचा नाही." वकील दारातच खाली बसले. "नोंदणी गेली तर एबी फॉर्म गेला. एबी फॉर्म गेला तर या पेठेला कोण हुंगतो? कुठलाही बापू येईल आणि कसेही पट्टे फिरवील. तुम्ही समोर असलात तर कदाचित अण्णा बदलतील. कदाचित."

मी का गेले? पक्षासाठी गेले असं सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर मला अण्णांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, ही आमची. बास, एवढंच ऐकायचं होतं.

शिपायानं आमच्या पक्षाचं नाव पुकारलं. अण्णांनी टोपी सारखी केली आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

आत सुनावणी घेणाऱ्या एक मॅडम होत्या. साधी सुती साडी, पिकले केस. बोलणं मऊ होतं, पण नजर कागदावरून हलायची नाही. बाजूला एक मुलगी कॉम्प्युटरवर टाइप करत होती. मॅडमनी नोटीस वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "बोला, गुरुपादराव. पक्षानं निवडणूक का लढवली नाही?"

अण्णा उभे राहिले. "लढवली न्हाई असं कसं म्हणता, मॅडम? आमच्या पेठेत नळ हाय. त्यो कुणी आणला? दवाखाना कुणी आणला? मारामारी झाली तरच लढाई व्हती काय? आम्ही न लढता जिकलो, हे आमचं चुकलं म्हणायचं?"

"माघार घेत होता तुम्ही."

"व्हय. दरसाली."

"आणि माघारीच्या बदल्यात काय घेत होता?" मॅडमनी पहिल्यांदा वर बघितलं. त्या नजरेतला संशय अण्णांना कळला. म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

"शब्द," अण्णा म्हणाले. "दुसरं काय घेतलं असंल तर मला इथनं उठून घरी जाता येऊ नये."

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण एक सांगा. तुमच्या पेठेतल्या एखाद्या बाईला वाटलं, या पक्षाला मत द्यावं. तिनं काय करायचं? मशीनवर नाव नाही. जो पक्ष मतदाराला निवडता येत नाही, त्याला पक्ष कसं म्हणायचं?"

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना असं अडलेलं बघितलं. टेबलावर हात टेकून ते तसेच उभे राहिले.

मुजावर वकील घाईनं पुढं सरसावले. "मॅडम, एकदा मशीनवर नाव होतं. उमेदवार इथं हजर आहेत. मालन दिवटे."

मॅडमनी मला उभं केलं. "तुम्ही या पक्षाच्या उमेदवार होता?"

"होते. एबी फॉर्म होता माझ्याकडं. अण्णांनी स्वतः दिलेला."

"पण माघारीच्या दिवशी पक्षानं तुम्हाला अमान्य केलं."

"होय. सगळ्यांच्या देखत."

"मग तुम्ही निवडणूक पक्षासाठी लढलात की पक्षाच्या विरुद्ध?"

प्रश्न साधा होता. सहा वर्षं रात्री उशाला घेऊन झोपले होते तो प्रश्न. पक्षासाठी म्हणावं, तर आवारातल्या त्या हात जोडणाऱ्या बाया डोळ्यांपुढं यायच्या. विरुद्ध म्हणावं, तर जीभ रेटत नव्हती. पक्षासाठी, एवढंच म्हणाले असते तर वकील खूश झाले असते. ते माझ्याकडं डोळे मोठे करून बघतही होते.

"ते मी सांगून उपयोग नाही, मॅडम," मी म्हटलं. "मी त्यांची होते की नाही ते त्यांनीच सांगायचं. त्यांना विचारा."

वकिलांनी कपाळावर हात मारला. मॅडम अण्णांकडं वळल्या.

"गुरुपादराव, शेवटचं विचारते. ही बाई तुमच्या पक्षाची उमेदवार होती का? नीट विचार करून सांगा. तुमच्या उत्तरावर निकाल आहे."

अण्णांनी खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मी खाली बघितलं. माझ्याच्यानं त्यांचं तोंड बघवेना.

"मॅडम, त्या साली मी भंडारा उचलला होता," अण्णा सावकाश बोलायला लागले. "आमचा उमेदवार नसंल आणि पेठेचं मत बापूला पडंल, असा शब्द दिला होता. मतदानाच्या दिशी मी आत गेलो. पन्नास वरसं मत देतोय मी. कधी ह्याला, कधी त्याला, ज्याला शब्द दिला त्याला. त्या दिशी मशिनीवर बघितलं, तर आमच्या पक्षाचं नाव. श्रमिक माग कामगार पक्ष. मी काढलेला पक्ष, आणि मला ते नाव तिथं कधी दिसलं न्हवतं. त्याच्या म्होरं हिचं नाव. मी शिकवलेलं नाव. मी बापूच्या बटनावर हात न्यायला गेलो..."

ते थांबले. टाइप करणारी मुलगीही थांबली.

"गेला न्हाई हात. तिकडं गेला."

"थांबा, थांबा," मॅडम पटकन म्हणाल्या. "मत कुणाला दिलं ते सांगायचं नसतं. ते गुप्त असतं."

"म्हणून तर सहा वरसं दडवून बसलो, मॅडम." अण्णा टेबलाकडं एक पाऊल सरकले. "भाईर आलो तर बापू हात जोडून हुबा. म्हणाला, अण्णा, शब्द पाळला न्हवं? मी व्हय म्हटलं. भंडारा उचललेल्या तोंडानं व्हय म्हटलं. मग मी लोकांत काय सांगत फिरलो? तर मालन आमची न्हवं, मालननं शब्द मोडला. आवो, तिनं शब्द दिलाच न्हवता! दिला मी. मोडला मी. तिला आमची म्हणायचं तर मी कोण ते सांगावं लागलं असतं. म्हणून सांगितलं न्हाई."

मुजावर वकील फायलीत तोंड खुपसून बसले होते.

"ती आमची उमेदवार होती," अण्णा म्हणाले. "एकच उमेदवार झाली आमच्या पक्षात. बाकीचे आम्ही सगळे माघारी फिरणारे."

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "म्हणजे तुम्ही चौकशीत दिलेला जबाब खोटा होता?"

"खोटा होता."

"खोटा जबाब दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते. कळतंय ना?"

"कळतंय. लिवा."

मुलीनं टाइप केलं. अण्णांना सही करायला कागद दिला. त्यांनी तो वाचलाही नाही, सही केली आणि टोपी काढून हातात धरली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता, नाही का? जे ऐकायला मुंबई गाठली ते ऐकायला मिळालं होतं. पण खरं सांगते, आनंद नाही झाला. मला राग आला. असा राग की बाहेर आल्या आल्या मी त्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. ते जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरत होते.

"अण्णा! सहा वर्षं! सहा वर्षं नळावर बायांनी मला वाटच दिली नाही. तुमच्या एका शब्दानं सगळं मिटलं असतं."

"ठाऊक हाय."

"मला एकटीला तरी सांगायचं! मी कुणाला बोलले नसते."

अण्णा पायरीवर बसले. सहा वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"तुला सांगितलं असतं तर तू माफ केलं असतंस, पोरी. तुझा सोभावच तसला. तोंडानं फटकळ, पण मनात ठेवत न्हाईस. आणि मी तुझ्या माफीवर अध्यक्ष म्हणून मिरवलो असतो. तुझ्यासमोरनं जाताना मला रस्ता वलांडायला लागायचा, तो रागानं न्हवं. लाज वाटायची मला."

उभ्या उभ्या मला रडू फुटलं. शिपाई, फेटेवाले, डबावाला म्हातारा, सगळे बघत होते. बघू देत. बापाच्या मयताला रडले नव्हते तेवढी त्या जिन्यात रडले.

मुजावर वकील आमच्या मागं येऊन थांबले. "अण्णा, आता चला. पक्ष वाचला, माझ्या मते. निकाल यायला वेळ लागेल, पण वाचला."

"वकील, एक कागद करा," अण्णा म्हणाले. "अध्यक्षपद मालनकडं. मी पक्षातनं भाईर."

"अहो, आता कशाला? पक्ष तुमच्यामुळंच तर..."

"आमच्यात नियम एकच हाय. शब्द मोडला त्यानं घरी बसायचं. दुसऱ्यासाठी केलेला नियम माझ्यासाठी न्हाई व्हय?"

"अण्णा, मी अध्यक्ष झाले तर पहिल्यांदा तो नियमच काढून टाकते," मी डोळे पुसत म्हटलं.

"काढ. पर मी गेल्यावर काढ."

पुढं निकालाचा कागद आला. नोंदणी कायम. अण्णांच्या जबाबाबद्दल एक ताकीद आली, बाकी काही झालं नाही. अण्णांनी पेठेतल्या चौकात उभं राहून सगळ्या बायांना हेच सांगितलं, जे मुंबईत सांगितलं होतं. काही बायांनी तिथंच माझा हात धरला. काहींनी नाही धरला. पाळणाघर गेलं ते गेलंच होतं, ते कुणाच्या कबुलीनं परत येणार नव्हतं, आणि ज्यांची पोरं मशिनीखाली मोठी झाली त्यांनी मला का माफ करावं? मी त्यांना काही म्हटलं नाही.

अण्णा त्यानंतर पक्षाच्या एकाही बैठकीला आले नाहीत. पण संध्याकाळी चहाला माझ्याकडं यायला लागले. पक्षातला माणूस नव्हते ना आता. राजकारण सोडून बाकी सगळं बोलायचे. मी मुद्दाम पक्षाचं काही काढलं की म्हणायचे, "मला सांगू नगंस, मी त्यातला न्हवं." पण कान टवकारून ऐकायचे, हे मला दिसायचं.

आम्ही माघार घेणं बंद केलं. निवडणूक आली तेव्हा मी अर्ज भरला, माघारीचा दिवस येऊन गेला आणि आवार त्या वर्षी रिकामं राहिलं. मग मी पेठेत दारोदार फिरायला लागले. आमच्या पक्षात मत मागायची कुणाला सवयच नव्हती. बायांना हात जोडताना लाज वाटायची, पत्रक द्यायचं तर दाराखालून सरकवून पळायच्या. मी त्यांना दामटून पुढं घ्यायचे. घर चुकवायचं नाही, भले तो तोंडावर दार आपटू दे.

अण्णांचं घर गल्लीच्या शेवटाला. तोवर त्यांनी अंथरूण धरलं होतं. सून म्हणाली, "मालनताई, तुम्ही कशाला त्यांच्याकडं? घरचंच की."

"घरचं असू दे. मत आहे त्यांना."

मी बायांना बाहेर थांबवलं आणि एकटी आत गेले. अण्णा बाजेवर उशीला टेकून बसले होते. मी दारातच थांबले, पदर सारखा केला आणि हात जोडले.

"अण्णा, मत मागायला आले."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. चेष्टा करतेय का, हे आधी बघून घेतलं. मी हसले नाही.

"कंचा पक्ष?" त्यांनी अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं.

"श्रमिक माग कामगार पक्ष."

"उमेदवार कोण?"

"मी. मालन दिवटे."

"मागल्या येळंला आली न्हवतीस मागायला."

"मागल्या वेळेला तुम्ही न मागता दिलंत. आता मागते."

अण्णांनी अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग कुठलाही मतदार म्हणतो तसं म्हणाले, "बघू." म्हणाले खरं, पण ते परकेपणाचं सोंग त्यांच्याच्यानं पुढं निभेना. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.